अर्धशिशीचा दवाखाना, लातूर: चार तारे

पाचवा तारा कापला तो ट्यूबलाइटमुळं. डोक्याला ओढणी गच्च बांधून औशाहून पहिल्या एसटीनं गेले, तर अर्धशिशीच्या पेशंटला लखलखीत उजेडात दोन तास बसवलं! डॉक्टर मात्र निवांत बोलले. तेव्हा महिन्यात माझं डोकं १८ दिवस दुखायचं, दुखणं थांबवायची गोळी १६ दिवस. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तेही तीन महिन्यांहून जास्त, म्हणजे जुनाट. आणि सारख्या घेतलेल्या गोळीनंच दुखणं वाढतंय म्हणाले. सासूबाईंच्या सुंठेच्या लेपानं निदान हे तरी होत नव्हतं! सीजीआरपी, म्हणजे अर्धशिशीचं दुखणं पेटवणारं शरीरातलं एक रसायन, ते अडवणारं इंजेक्शनही सांगितलं, अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालेलं. दर महिन्याला घ्यायचं, मला परवडेना. सध्या टोपिरामेट, म्हणजे दुखणं उठूच नये म्हणून घ्यायची गोळी. बोटांना मुंग्या येतात, पण १८ चे ७ झालेत. जाताना काळा चष्मा न्या.