गच्ची गळतेय: शेड, कोबा, मेम्ब्रेन की कोटिंग?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात जनरल बॉडी आहे आणि विषय एकच, गच्ची. बिल्डिंग १९८६ ची, चार मजली, आणि आम्ही चौथ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. गेले दोन पावसाळे आईचा पलंग या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवत काढलेत. पंख्याच्या हुकाजवळ आधी ताटलीएवढा पिवळा डाग आला, मग पोपडे सुटले, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री प्लॅस्टरचा तुकडा तिच्या उशीशेजारी पडला. त्या रात्री ठरवलं की आता कोण काय विकतंय यावर जायचं नाही, आपण स्वतः समजून घ्यायचं. तीन कॉन्ट्रॅक्टर गच्चीवर आणले, एका आर्किटेक्टशी बोलले, आणि जे कळलं ते इथे लिहितेय, कारण असंच ठरवायला बसलेल्या सोसायट्या मुंबईत कमी नाहीत.

चारपैकी काहीही निवडा, त्याआधी पाणी गच्चीवरून उतरतं कुठून ते बघा. मी स्वतः गेले, पाण्याच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाईपच्या तोंडाची जाळी कधीच गायब झालेली, आत हात घातला तर कबुतराची पिसं, दुधाच्या पिशव्या, एक शटलकॉक आणि काळा चिखल, मनगटापर्यंत. आणि त्याच पाईपच्या सांध्यातून पिंपळाचं रोप बाहेर आलेलं, मूळ आत गेलेलं. आता हिशोब करा, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची साधारण ३०० चौरस मीटरची, तासाला ५० मिलीमीटर पडला तर पंधरा हजार लिटर, दर तासाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, तेवढा आमच्या गच्चीवर पडला तर दहा हजार लिटरचे २८ टँकर भरतील. हे सगळं चार पाईपांतून जायचं, त्यातला एक बंद. मग पाणी मागे तुंबतं, गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा जो गोल वाटा मारलेला असतो त्याच्याही वर चढतं, आणि जिथे कधी वॉटरप्रूफिंग केलेलंच नाही त्या भिंतीच्या प्लॅस्टरमधून आत शिरतं. आमच्या घरातली निम्मी ओल या एका पाईपची निघाली. पिंपळ वरून कापून काही होत नाही, सांधा उघडून मूळ काढावं लागतं आणि मग तो परत भरायचा.

आता एकेक.

पत्र्याची शेड. मीटिंगमध्ये बहुतेक जण हिच्या बाजूने असतात, आणि कारण खरं आहे, शेड टाकली की त्याच पावसाळ्यात फरक दिसतो. स्लॅबवर पाणीच पडत नाही, वरच्या मजल्याचं ऊनही कमी होतं. पण शेड म्हणजे रोग बरा नाही झाला, वर छत्री धरली. बाजूने येणारा पाऊस कठड्यावर आपटतोच, म्हणून कठडा आणि बाहेरची भिंत वेगळी करावी लागते. पत्र्याच्या कडेची पन्हळ दरवर्षी साफ करायला माणूस चढवावा लागतो, नाहीतर तोच पाईपवाला प्रकार वरच्या मजल्यावर चालू. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फाटतात आणि तिथूनच गळायला लागतं, समुद्राच्या हवेत गंज वेगळा. आणि वारा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा आमच्या गल्लीत एका शेडचा पत्रा उडून समोरच्या आवारात पडला होता, तिथे तेव्हा कोणी नव्हतं म्हणून वाचलो. त्यामुळे सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच काढून घ्या, फॅब्रिकेटरच्या अंदाजावर नको, आणि वॉर्ड ऑफिसच्या परवानगीशिवाय एक खांबसुद्धा उभा करू नका.

ब्रिकबॅट कोबा, आपला जुना मुंबईचा प्रकार. स्लॅबवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढायचा, वर सिमेंटचा थर, चौकोनाच्या रेघा नाहीतर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. नीट केला तर पंधरा-वीस वर्षं बघायला लागत नाही, माणसं चालतात, लग्नाचा मांडव लागतो, पापड वाळतात, काही होत नाही. आणि चारपैकी हा एकच प्रकार जो उतार नव्याने देतो, साधारण १०० ला १, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटीमीटर. पाणी साचून राहत असेल तर बाकी कशानेही तो उतार येणार नाही. अडचण वजनाची. साडेचार इंचाचा कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास, आमच्या गच्चीवर जवळजवळ साठ टन. म्हणून जुना न काढता वरून दुसरा मारू असं जो कॉन्ट्रॅक्टर म्हणेल त्याला तिथेच नको म्हणा, आम्हाला एकाने हेच सुचवलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. आणखी एक, कोब्याला भेग गेली की विटा पाणी पिऊन बसतात, पाऊस थांबून चार दिवस झाले तरी खाली थेंब पडत राहतात आणि लोकांना वाटतं टाकी गळतेय. जुना फोडून डेब्रिज डोक्यावरून जिन्याने उतरवायचं, त्याची मजुरी कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली आहे का ते बघा.

मेम्ब्रेन म्हणजे डांबराचा गुंडाळीतला थर, तीन नाहीतर चार मिलीमीटर जाड, गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवतात. हलका, काम पटकन उरकतं. जीव सगळा सांध्यात, एका पट्ट्यावर दुसरा पट्टा कमीत कमी चार इंच चढला पाहिजे, आणि कठड्यावर फूटभर वर नेऊन खाचेत दाबून बंद केला पाहिजे, हे दोन ठिकाणी तुम्ही स्वतः उभं राहून बघा. उघडा ठेवला तर उन्हाने तडकतो, म्हणून वर ॲल्युमिनियमचा थर असलेला घ्या किंवा वरून सिमेंटचं संरक्षण द्या. आणि नंतर कोणी डिश अँटेना किंवा सोलरचा स्टँड बसवायला भोक पाडलं की संपलं, पाणी एकीकडून शिरतं, थराखालून फिरतं आणि भलतीकडेच गळतं, शोधता शोधता नाकी नऊ येतात. भाडेकरू, केबलवाले सतत वर जात असतील अशा बिल्डिंगला मी मेम्ब्रेन सुचवणार नाही.

केमिकल कोटिंग, म्हणजे रंगासारखा मारायचा थर, पांढरं ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन. काम सुरू करायला सगळ्यात सोपं आणि पहिल्या खर्चाला कमी, आणि पांढऱ्यामुळे खोली थोडी गार राहते. बारीक केसासारख्या भेगा असतील, उतार चांगला असेल, कोबा घट्ट असेल तर हेच पुरतं, चार-पाच वर्षांनी परत मारायचं एवढं धरून चला. पण साचलेल्या पाण्यात ॲक्रिलिक टिकत नाही, तिथे पॉलियुरेथेन लागतं. आणि पृष्ठभाग सुका हवाच. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं, वळवाचा पाऊस येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरने घाईत कोट मारले, गणपतीपर्यंत सगळं सालीसारखं सुटलं, पायाने ढकललं तरी फर्लांगभर सोलत जाईल असं. गॅरंटीचं पत्र आमच्याकडे अजून आहे, माणूस फोन उचलत नाही. म्हणून आता आम्ही पंधरा टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवणार आहोत.

मग कोणी काय घ्यावं. एक जाड काठी घेऊन गच्चीभर ठोकत फिरा. आवाज टणक आला तर कोबा धरून आहे, भेगा भरा आणि पॉलियुरेथेन मारा. जागोजागी पोकळ, बद्द आवाज आला तर वरून काहीही लावणं पैसे पाण्यात, जुना काढून नवा कोबा. खालून छताच्या सळ्या दिसत असतील तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, तसंही ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला ते कायद्याने लागतंच. आणि रिडेव्हलपमेंट तीन-चार वर्षांत नक्की असेल तर कोब्यात पैसे घालू नका, शेड करा, निदान लोखंड नंतर भंगारात विकता येतं. आमच्या गच्चीवर टाकीकडचा निम्मा भाग पोकळ वाजतो आणि तिथेच पाणी साचतं, रिडेव्हलपमेंटचं नावही नाही, म्हणून मी पूर्ण नव्या कोब्याच्या बाजूने मत देणार आहे.

खर्चावरून भांडण होणारच, खालचे मजलेवाले म्हणतात गळतं वरच्यांचं, आम्ही का द्यायचं. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये गच्ची, कठडा, आणि गच्चीतून गळून खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत आणि प्लॅस्टर, हे सगळं सोसायटीच्या खर्चातलं म्हणून लिहिलेलं आहे. ते पान झेरॉक्स करून मीटिंगला न्या, आवाज चढवायची गरज पडत नाही.

वेळेचं सांगते. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो असं धरतात, पण २०२५ ला तो २६ मेलाच आला होता. कोबा फोडणं, नवा बसवणं, पाणी भरून ठेवून मुरवणं, मग पाईपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवायची टेस्ट, सगळं धरून दीड महिना तरी लागतो, म्हणजे होळीच्या आधी ऑर्डर गेली पाहिजे. टेस्टच्या त्या दोन दिवसांत चौथ्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छताला हात लावून बघायचं, कमिटीने नाही तर आम्ही घरच्यांनीच. पिंपळ मात्र आम्ही मीटिंगची वाट न बघता गेल्या रविवारी काढला, मूळ दोन हात लांब निघालं, आणि चारही पाईपांना नव्या जाळ्या बसवल्या.