कॉम्पॅक्टजीयूआय : आखाजीच्या तोंडावर मोकळे झालेले १७ जीबी

चाळीसगावात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास तिथी दाट, मान वर करायला फुरसत नसते. नेमकं तेव्हाच पोरगा आतून ओरडला, "भाऊ, सी ड्राइव्हमा आते जागाच नही शे!" डिस्क २५६ जीबीची, विंडोज ती २३८ची मोजतं, आणि त्यातले उरले होते ३. स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉप कामापुरती वापरतं ती डिस्कवरची जागा, भरली म्हणून ते फाइल उघडू देईना.

दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन डिस्क टाका, मशीन दोन दिवस ठेवून जा. सीझनात दोन दिवस! त्यापेक्षा दुकानाला कुलूपच लावतो.

मग एका मित्राने कॉम्पॅक्टजीयूआय नावाचा प्रोग्राम सुचवला. गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या साइटवर फुकट मिळतो. तो स्वतः काही जादू करत नाही. विंडोजमध्येच 'कॉम्पॅक्ट' नावाची जुनी कमांड आहे, विंडोज १० पासून तिच्यात प्रोग्रामच्या फाइली दाबून ठेवायच्या नव्या पद्धती आल्या, आणि वाचताना फाइली आपोआप उलगडतात. झिपसारखं उघडा-बंद करायचं काम नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची नसेल त्यांच्यासाठी हे बटणांचं रूप, एवढंच. ड्राइव्ह मात्र एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटचा, हवा.

फोटोशॉपचं फोल्डर आत ओढलं, एक्सप्रेस ८के ही दाबायची हलकी पद्धत निवडली, बटण दाबलं. प्रोसेसर पूर्ण कामाला लागला. बाहेर ४३चं ऊन, लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावत होता, म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं. संपल्यावर प्रॉपर्टीज उघडून बघितलं: साइज तीच ४.६ जीबी, पण 'साइज ऑन डिस्क' २.९. कोरल, ऑफिस आणि पोराचे दोन गेम धरून १७ जीबी सुटले. आकाराच्या मानाने गेमने सगळ्यात कमी दिले, त्यातला माल आधीच दाबलेला असतो.

हाव सुटली आणि एलझेडएक्स ही जास्त घट्ट दाबणारी पद्धत लावून पाहिली. जागा थोडी आणखी सुटली, पण माझ्या जुन्या आय-३ प्रोसेसरवर फोटोशॉप उघडायला रेंगाळू लागलं. परत ८केवर आलो. विंडोजच्या फोल्डरला मी हातही लावला नाही, तुम्हीही लावू नका.

पाचातला एक तारा कापतोय तो अशासाठी, की प्रोग्रामचं अपडेट आलं की नव्या फाइली पुन्हा फुगलेल्याच येतात. फोल्डरवर लक्ष ठेवून पुन्हा दाबायची सोय त्यात आहे, पण ऐन कामात पंखा सुरू झाला तर माझं डोकं फिरतं, म्हणून मी ती बंद ठेवतो आणि रविवारी हाताने चालवतो. शिवाय बटणं सगळी इंग्रजीत.

आणि जेपीजी फोटो, एमपी४ व्हिडिओ यांना याचा शून्य उपयोग. नवरा-नवरीच्या फोटोंचं ६० जीबीचं फोल्डर दाबून बघितलं, नखाएवढीही जागा सुटली नाही. त्यासाठी शेवटी जळगावहून एक टीबीची बाहेरची डिस्क आणावीच लागली.