दोन गाड्या, चार ब्लॉक: अ‍ॅटलासच्या सिलेक्टरचा अनुभव

साध्या डीसी पद्धतीच्या मॉडेल रेल्वेत वीज रुळांतून येते. त्यामुळे एकाच सलग रुळावर दोन इंजिने उभी केली, तर पॉवर पॅकची (रुळांना वीज देणाऱ्या व वेग-दिशा ठरवणाऱ्या पेटीची) मूठ फिरवताच दोन्ही एकाच दिशेने निघतात. त्यांना वेगवेगळे चालवायचे, तर रूळ विजेच्या दृष्टीने तोडून ब्लॉक पाडावे लागतात आणि प्रत्येक ब्लॉक कोणत्या पॉवर पॅककडे, म्हणजे कोणत्या कॅबकडे, सोपवायचा हे ठरवणारे बटण लागते. न्यू जर्सीतील अ‍ॅटलास कंपनीचा सिलेक्टर (क्रमांक २१५) नेमके हेच काम करतो. एडिसन येथील आमच्या तळघरात ४ बाय ८ फुटांच्या प्लायवूडवर मांडलेल्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातील, रेल्वेसाठी मी असे दोन सिलेक्टर शेजारी शेजारी जोडून आठ ब्लॉक केले आहेत.

एका सिलेक्टरवर सरकवायची चार बटणे असतात. बटण एका टोकाला नेले की ब्लॉक कॅब ‘ए’कडे जातो, दुसऱ्या टोकाला नेले की कॅब ‘बी’कडे, आणि मधोमध ठेवले की ब्लॉक मृत होतो, म्हणजे त्याची वीज तुटते. मला या उपकरणाचा खरा गुण या मधल्या स्थितीत दिसतो. आमच्या स्थानकाला आम्ही हौसेने ‘कर्जत’ नाव दिले आहे (इंजिने अमेरिकी असली तरी पाटी आमची!). खऱ्या कर्जतला १ : ३७ चढाचा भोर घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, तसे आम्हीही लावतो. बँकर साईडिंगच्या (बाजूच्या रुळाच्या) मृत ब्लॉकमध्ये निमूट उभे असते. गाडी फलाटावर येऊन थांबली की तिचा ब्लॉक मृत करायचा, साईडिंग व त्यापुढचा रूळ ‘बी’ला देऊन बँकर हळूच गाडीच्या मागे आणायचे आणि मग सगळे ब्लॉक पुन्हा ‘ए’ला द्यायचे. हे जमले की बटणांची रांग पाहूनच कोणता रूळ कोणाच्या हाती आहे ते कळते.

जोडणी सामाईक रुळाच्या पद्धतीची आहे. एक रूळ सलग ठेवून दोन्ही पॅकची एकेक तार त्याला थेट द्यायची, आणि दुसऱ्या रुळात प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (वीज अडवणारे सांधे) घालून त्याच्या तुकड्यांना सिलेक्टरमधून वीज पुरवायची. स्क्रूखाली तार आवळायची असल्याने डाग देण्याची गरज पडत नाही. मात्र दोन्ही पॅकचे विद्युत्प्रवाह एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे असले पाहिजेत, आणि प्रत्येक ठिकाणी तोच रूळ सामाईक राहिला पाहिजे. माझ्या हातून एका ब्लॉकच्या तारा उलट लागल्या, तेव्हा तो शॉर्ट शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. त्यानंतर सामाईक तार काळी आणि ब्लॉकची लाल, हा नियम मी मोडलेला नाही. दोन ठिकाणी मी जॉइनर न घालता रूळ नुसते करवतीने कापले होते. हिवाळ्यात कोरडे पडलेले लाकूड आकसले, त्या फटी मिटल्या आणि मृत ब्लॉकमधले इंजिन खुशाल चालू लागले! हा दोष उपकरणाचा नव्हे, माझ्या आळसाचा.

उणिवा रचनेतच आहेत. बटणे एका ओळीत असल्याने त्यांवरून रुळांचा नकाशा उमगत नाही. आम्ही खाली रंगीत पट्ट्या चिकटवल्या. कॅब दोनच. गाडीला उलटी फिरवून आणणारा लूप असेल, तर सिलेक्टर एकटा पुरत नाही. दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडावे लागतात आणि त्यासाठी याच कंपनीचा ‘कंट्रोलर’ (विजेची दिशा उलटवणारा स्विच) जोडावा लागतो. ब्लॉक बारापलीकडे जाणार असतील, तर मी रुळांचा नकाशा काढलेल्या फळीवर मधली बंद स्थिती असलेले टॉगल स्विच बसवीन.

डीसीसी, म्हणजे रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी डिजिटल पद्धत, घेतल्यास बटणांची ही सरकवासरकव टळते, हे खरे. पण त्यात प्रत्येक इंजिनात ती आज्ञा ओळखणारा डीकोडर हवा, आणि आमच्याकडची पाच जुनी इंजिने डीकोडरशिवायची आहेत. त्यांच्यासाठी मी पुन्हा हाच सिलेक्टर घेईन. घेताना इन्सुलेटेड जॉइनरचे पाकीट वेगळे मागून घ्यावे, कारण ते सोबत येत नाही.