सायकलची फ्रेम पाठवायची: कुरिअर, ट्रॅव्हल्स की रेल्वे?

जुनी स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम पुण्याहून नागपूरला पाठवायची असेल तर वजनकाटा बाजूला ठेवा, आधी टेप घ्या. फ्रेम भरते जेमतेम दोन-अडीच किलो. पण कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, बहुधा ५०००ने भागतात, आणि खऱ्या वजनापेक्षा हा आकडा मोठा निघाला की त्याचेच पैसे लावतात. सायकलच्या दुकानातून आणलेला १४०×७५×२०चा खोका तसाच नेलात तर तो ४२ किलो! फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून तोच खोका ९५×६०×१८चा कापून घेतला की साडेवीस.

ट्रॅव्हल्सवाल्यांकडे एवढं गणित सहसा नसतं. माणूस खोक्याकडे बघतो, भाव सांगतो, थोडी घासाघीस चालते. रात्री डिकीत टाकलेली फ्रेम सकाळी नागपुरात. घेणाऱ्याला स्टॉपवर जावं लागतं, आणि डिकीत तिच्यावर काय येऊन पडेल ते सांगता येत नाही. पावती, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तरी धातूच्या फ्रेमला मी हेच सुचवेन.

रेल्वे पार्सल अख्ख्या सायकलीला ठीक. एका फ्रेमसाठी पार्सल ऑफिसच्या खेपा, फॉर्म, आणि माल वेळेत उचलला नाही तर वर व्हार्फेज (माल पडून राहिल्याचा आकार), ही यातायात परवडत नाही.

पॅकिंग कुठेही पाठवा, सारखंच. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मागच्या चाकाची. चाक नसताना बाजूने दाब आला की दोन्ही दांड्या आत चेपतात. नव्या सायकलींबरोबर या दांड्यांमध्ये अडकवलेले प्लास्टिकचे स्पेसर येतात, ते दुकानदार फेकूनच देतात. त्यातला एक मागून घ्या. नाहीच मिळाला तर चाकाचा जुना ॲक्सल (आस) दोन्हीकडून नट लावून बसवा. दांड्यांमधलं अंतर रोड फ्रेमला साधारण १३० मिमी, क्विक रिलीजच्या (खटक्याने चाक सुटणाऱ्या) एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, १३५. डिरेलर हँगर (मागचा गिअर जिला लटकतो ती पट्टी) सोडवून पिशवीत घाला, पिशवी फ्रेमलाच बांधा. नळ्यांना एसीच्या पाइपवरचा काळा फोम चढवा, बबल रॅप घासून लवकर फुटतो.

फ्रेम कार्बनची असेल तर मात्र डिकीचं नावच काढू नका. पातळ टॉप ट्यूबवर (वरच्या आडव्या नळीवर) दाब आला तर तडा जातो आणि रंगाखाली तो दिसेलच असं नाही. तिथे कुरिअरच, खरी किंमत लिहून आणि विमा काढून. विम्यात पॅकिंगची काय अट आहे ते आधी वाचा, आणि खोका बंद करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.