प्लेराइटचा एचटीएमएल रिपोर्ट: आठ महिने रोज वापरल्यावर

प्लेराइट हे वेबसाइट ब्राउझरमध्ये आपोआप चालवून तपासणारं साधन, आणि त्या टेस्ट्सचे निकाल दाखवणारं पान म्हणजे त्याचा एचटीएमएल रिपोर्ट. सकाळी कामाला बसलं की मी आधी हा रिपोर्ट उघडते. रात्रभर चाललेल्या टेस्ट्सपैकी पास किती, फेल किती, फ्लेकी किती, हे वरच्या पट्टीतच कळतं. माझा जीव अडकलाय तो ‘फ्लेकी’मध्ये. पहिल्या खेपेला आपटलेली आणि रिट्रायमध्ये, म्हणजे पुन्हा चालवल्यावर, पास झालेली टेस्ट इथे वेगळी काढून दाखवलेली असते. पूर्वी आम्ही कन्सोल लॉग वाचायचो. शेवटी हिरवं दिसलं की पुढच्या कामाला.

आमची ऑर्डर सेव्ह करायची टेस्ट आठवड्यातून दोनदा तरी तिथे यायची. ट्रेस, म्हणजे टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद, उघडावा तर सगळं सुरळीत! कोडं सुटायला बरेच दिवस गेले. ‘ऑन-फर्स्ट-रिट्राय’ सेटिंग असलं की ट्रेस रेकॉर्ड होतो तो दुसऱ्या खेपेचा, म्हणजे पास झालेला. जिथे घोळ झाला त्या खेपेचा ट्रेस नसतोच. मी ते ‘रिटेन-ऑन-फेल्युअर’ (फेल झालेल्या खेपेचा ट्रेस ठेवणारं) केलं आणि पुढच्या वेळी टेस्ट आपटली तेव्हा उलगडा झाला. ट्रेसमधल्या स्नॅपशॉटवर (पान त्या क्षणी कसं होतं त्यावर) क्लिकचा लाल ठिपका बरोबर ‘सेव्ह’ बटणावर होता, पण नेटवर्क टॅबमध्ये ऑर्डरची रिक्वेस्टच नाही. बटणाचा कोड असलेली जावास्क्रिप्ट फाइल क्लिकनंतर येऊन पोहोचली होती. बटण दिसत होतं, दाबलं जात होतं, आणि काहीच होत नव्हतं. ५ सेकंद वाट बघून टेस्ट फेल. मंद इंटरनेटवर बसलेल्या ग्राहकालाही हेच भोगावं लागत असणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी कोड येईपर्यंत बटण बंद ठेवायचा बदल केला.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्क्रीनशॉटच्या तुलनेतला स्लायडरही मनापासून आवडला. माझा लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्ही लिनक्सच, पण देवनागरी फाँट वेगळे. ‘प्रक्रिया सुरू आहे’ ही ओळ सर्व्हरवर मोडून दुसऱ्या ओळीत जात होती. स्लायडर सरकवला आणि लगेच दिसलं. आता दोन्हीकडे एकच कंटेनर (फाँटसकट सगळं सारखं असलेलं बंदिस्त वातावरण) वापरतो.

उणीव एकच, पण मोठी: मागचा इतिहास नाही. दर रनला नवा रिपोर्ट जुन्याच्या जागी येतो, त्यामुळे एखादी टेस्ट महिन्यात किती वेळा डळमळली हे मी वेगळ्या शीटमध्ये लिहून ठेवते. ज्यांना ते आयतं हवंय त्यांनी अल्युअर हे दुसरं रिपोर्ट साधन बघावं, त्यात ट्रेंडचे आलेख मिळतात.

आणि हो, रिपोर्ट डाउनलोड करून नुसता डबल-क्लिक केला तर ट्रेस उघडत नाही. ‘शो-रिपोर्ट’ कमांडनेच उघडा.