एएमटीची १/२५ शेवरले बेल एअर, आठ महिन्यांनंतर: गाडी झकास, टायर बकासुर

एएमटी या अमेरिकन कंपनीच्या किटमधले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून मी बनवलेली ही छोटी गाडी, खऱ्या गाडीच्या एक पंचविसांश मापाची. परवा शोकेस पुसायला ती उचलली, तर मागचं डावं चाक खालीच राहिलं. नुसतं निखळलं असतं तर चिकटवलं असतं. पण टायर खालच्या ॲक्रिलिक शीटला धरून बसला होता. ओढला तर शीटवर नक्षीसकट ठसा, आणि आतली रिम भिजलेल्या बिस्किटासारखी. साडेचार हजार रुपये, वर कुरिअर वेगळं. त्याच दिवशी ठरवलं की आता लिहायचंच.

डब्यात काय असतं ते हा छंद असलेल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. १९५७ ची बेल एअर, मागं ते माशाच्या परासारखे फिन, बनल्यावर वीतभर लांब. किट जुनी, मुंबईच्या एका विक्रेत्याकडून, 'पिशव्या सीलबंद' या बोलीवर. पिशवीला स्टेपलरची पिन होती. १९७० च्या आसपासचा माल आणि पिनेवर गंजाचा ठिपका नाही! तिथंच मला कळायला हवं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर फ्लॅश (कडेनं निघालेला जादा प्लास्टिकचा पापुद्रा) आणि सिंक मार्क (पृष्ठभागावरचे खळगे) बघून पार्ट रिजेक्ट करायचे आणि रात्री घरी येऊन पैसे मोजून घेतलेले तेच दोष ब्लेडनं खरवडायचे, असा हा छंद. या किटला फ्लॅश भरपूर, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, बरोबर छताच्या कडेनं. पण बॉडीचा आकार असा उतरलाय की राग येत नाही. एएमटी कंपनी १९४८ ची. सुरुवातीला अमेरिकेतल्या गाड्यांच्या शोरूमसाठी छोटी मॉडेलं बनवायची आणि १९५८ पासून एकाच डब्यातून तीन प्रकारची गाडी करता येईल अशा किट काढल्या. त्या काळी मोल्डचा मूळ नमुना हातानं घडवायचे. बंपरवरचे बंदुकीच्या गोळीसारखे उंचवटे बघा, समजेल.

तर टायर. डबा उघडला तेव्हाच एक टायर विंडशील्डवर पडलेला होता आणि काचेवर त्याचा अर्धचंद्र वितळून बसला होता. विक्रेत्याला फोटो टाकला. उत्तर: "सर, विंटेज माल आहे, असं असतंच." मी म्हटलं, सीलबंद पिशवीतला टायर काचेवर गेला कसा? मग दोन दिवस निळी टिक आणि शांतता. शेवटी तीनशे रुपये परत द्यायला तयार झाला, ते मी घेतले. तीनशे कशाला सोडायचे?

काच ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासली, मग १५००, मग २०००, शेवटी रबिंग कंपाउंड. दोन रविवार गेले. बऱ्यापैकी आली, पण ड्रायव्हरच्या बाजूला अजून चंद्राची कोर दिसते. अमेरिकन गाडी, स्टेअरिंग डावीकडे, म्हणून ती बाजू भिंतीकडे करून ठेवतो.

बाकी खर्च मी मारून नेला. मॉडेल जोडायच्या इंपोर्टेड सिमेंटची (गोंदाची) बाटली परवडत नाही. पैठण गेटजवळ बोर्ड बनवणारा ॲक्रिलिक जोडायला जे लिक्विड वापरतो, त्यानंच किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मस्त जुळतं. खिडकी मात्र उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेले पार्ट जोडताना जोडाच्या जागेचं क्रोम आधी खरवडा, नाहीतर जोड उद्या हातात येतो.

खरी मजा डीकलची, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायच्या चित्रांची. शीट पिवळी पडली होती, चहा सांडल्यासारखी. झिपच्या पिशवीत घालून पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला टेपनं चिकटवली, फेब्रुवारीअखेरचं ऊन. नऊ दिवसांत पांढरी! आपल्याकडचं ऊन पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आलं. जुनं डीकल पाण्यात गेलं की तुकडे होतात, म्हणून आधी वरून क्लिअर वार्निशचा एक हात मारला. आणि बोअरचं पाणी अजिबात नको, वाळल्यावर क्षारांची पांढरी रेघ उमटते. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. बायको म्हणाली, "अहो, बॅटरीचं पाणी कशाला? इन्व्हर्टर तर आपण विकून टाकला." बोनेटवरचे आकडे मात्र एकही सुरकुती न पडता बसले.

इथपर्यंत लिहून चार दिवस ठेवलं होतं, कारण टायरवर आणखी शिव्या घालायच्या होत्या. तेवढ्यात बाकीची तीन चाकं काढून बघितली. मागचं उजवंही मऊ. पुढच्या दोन्हींना नुसता डाग. फरक एवढाच की मागच्या रिमचं क्रोम मीच ब्लीचमध्ये बुडवून काढलं होतं, ड्रॅग गाडीसारखा (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या गाडीसारखा) काळा रंग द्यायला. म्हणजे मधला थर मीच घालवला. टायर पीव्हीसीचा, त्याला लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतो आणि पॉलिस्टायरीनला विरघळवतो. ही गोष्ट मी कारखान्यात नव्या पोरांना समजावतो! वर गाडी ठेवली गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, जिथं दुपारी माणूस थांबत नाही. तेव्हा कंपनीला दिलेल्या शिव्या परत घेतो. विक्रेत्याच्या तशाच ठेवतो.

आता मागच्या रिम उरलेल्या रनरच्या (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यांनी भरून, घासून नीट केल्यात. एकीला नळाला लावायची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, दुसरीला चॉकलेटची चांदी. दोन्हींवर तारखेची चिठ्ठी. टेप बाहेरून दिसत नाही, चांदी टायरच्या कडेनं चमकते, त्यामुळे चांदी टिकली तरी नापास. गाडी खाली हॉलमध्ये आणली, टायरखाली काचेची पट्टी ठेवली. शेजारचं पोरगं रोज येऊन विचारतं, "काका, ही ॲम्बेसेडर का?" मी आता हो म्हणतो.

घ्यावी का? अडीच-तीन हजाराला मिळाली तर घ्या, साडेचारला नको. पैसे पाठवण्याआधी डबा उघडून टायर कुठं पडलेत त्याचा फोटो मागवा, काचेचा वेगळा, पिशवीच्या तोंडाचा वेगळा. आणि किट हातात आली की आधी टायर काढून स्टीलच्या डबीत टाका. आमच्याकडं सध्या जिऱ्याच्या डबीत आहेत, दुसऱ्या किटचे.