जखमी घारीसाठी पुठ्ठ्याचं खोकं की तारेचा पिंजरा?

मांज्यात अडकलेली घार सापडली की लोक पिंजरा शोधायला धावतात. पण तारेवर आपटून पंखांची, शेपटीची पिसं मोडतात, आणि मोडलेल्या पिसाच्या जागी नवं यायला पुढची पीसगळती उजाडावी लागते. शिवाय चहूबाजूंनी माणसं दिसत राहतात, धडपड थांबत नाही. खोक्यातल्या अंधारात ती शांत होते. खोकं तिच्यापेक्षा थोडंच मोठं हवं. भोकं आधीच पाडा. तळाला जुना सुती कपडा घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. पिंजरा शोभतो तो खारीच्या मोठ्या पिल्लाला. ते पुठ्ठा कुरतडून पसार होतं. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६.